ऑनलाइन कॅल्क्युलस अभ्यासक्रम : विद्यार्थ्यांकडून अपेक्षा आणि नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पदवीच्या पहिल्या सत्रातील चार क्रेडिटांचा कॅल्क्युलसचा अभ्यासक्रम ऑनलाइन घेणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. गेल्या काही सत्रांत गोव्यातील पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या विद्यार्थ्यांनी जे पुन्हा पुन्हा विचारले, तेच येथे घेतले आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते, ते एका ओळीतच दिले आहे; जिथे नियमामागचे कारण सांगणे आवश्यक वाटले, तिथे मी जरा सविस्तर लिहिले आहे. गणितातील चिन्हे शक्यतो अक्षरांत लिहिली आहेत. जिथे क्ष आहे, तिथे तुमच्या वहीत नेहमीचे रोमन अक्षर लिहावे.

अभ्यासक्रम ऑनलाइन आहे, म्हणजे तो वर्गातल्यापेक्षा हलका आहे का?

नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक क्रेडिट म्हणजे अध्ययनाचे ३० तास धरले जातात, म्हणजे चार क्रेडिटांचे १२० तास झाले. आपले सत्र पंधरा आठवड्यांचे आहे, त्यामुळे आठवड्याला आठ तास या विषयासाठी काढावे लागतात. त्यांपैकी दोन तास थेट वर्गाचे, दोन तास आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या पाठांचे आणि उरलेले चार तास तुम्ही, तुमची वही आणि पेन यांचे. या शेवटच्या चार तासांवर कोणाचीही देखरेख नसते, आणि अभ्यासक्रमात मागे पडलेले विद्यार्थी बहुतेक वेळा तिथेच मागे पडलेले असतात. चित्रफीत दीडपट वेगाने पाहून दोन तासांचे काम ऐंशी मिनिटांत उरकता येते हे मला ठाऊक आहे. परंतु उदाहरण सोडवण्याचा वेग वाढवणारे बटण अजून निघालेले नाही.

प्रवेशापूर्वी कोणते गणित यायला हवे?

बारावीचे गणित उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. बारावीत लिमिट (सीमा) आणि डेरिव्हेटिव्ह (विकलज) शिकलात की नाही, याची मला फारशी काळजी नसते, कारण ते आपण मुळापासून पुन्हा करतो. काळजी असते ती आठवी ते दहावीच्या बीजगणिताची. अपूर्णांकांची बेरीज, अवयव पाडणे, घातांकांचे नियम आणि वर्गमूळ या गोष्टी हाताला सवयीच्या नसतील, तर कॅल्क्युलसच्या पायरीपर्यंत पोचण्याआधीच उदाहरण बिघडते. उदाहरणार्थ, क्ष² चे वर्गमूळ सरसकट क्ष लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी निम्म्याहून कमी नसतात. क्ष ऋण असताना ते उणे क्ष असते, आणि एवढ्या एका चुकीमुळे आलेखाची डावी बाजू पूर्ण उलटी येते. पहिल्या आठवड्यात वीस प्रश्नांची एक पूर्वचाचणी होते. तिचे गुण कुठेही धरले जात नाहीत; कोणता भाग आधी पक्का करायला हवा, एवढेच तीवरून तुम्हाला कळवले जाते.

लॅपटॉप घ्यावा लागेल का?

लागणार नाही. बऱ्यापैकी कॅमेरा असलेला स्मार्टफोन पुरतो. आलेख पाहण्यासाठी जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर फोनवर चालते. गृहपाठाची पाने स्कॅन करण्यासाठी गूगल ड्राइव्हमधील स्कॅनची सोय वापरावी. कॅमस्कॅनर या ॲपवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, तरी कोणाच्या तरी जुन्या फोनवर ते अजून असते आणि मग पाने पोचत नाहीत अशी तक्रार येते. ज्या गोष्टीवर खरोखर खर्च करावा, ती म्हणजे आखीव नसलेली जाड वही, काळ्या शाईचे पेन आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर.

थेट वर्गाला हजर राहणे बंधनकारक आहे का? कॅमेरा सुरू ठेवावा लागतो का?

थेट वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसात ते साडेआठ या वेळेत होतो. सत्रातील तीस वर्गांपैकी किमान तेवीस वर्गांची हजेरी आवश्यक आहे. वर्ग चुकल्यास त्याचे रेकॉर्डिंग सात दिवसांच्या आत पाहून त्यावर तीन ओळी लिहून पाठवल्यास ती हजेरी धरली जाते. त्या तीन ओळींत ‘छान समजले’ असे लिहू नये. कोणती पायरी समजली नाही किंवा फळ्यावर माझी कोणती चूक झाली, हे लिहावे. चुका मीही करते आणि त्या पकडणाऱ्याला मी नाव घेऊन श्रेय देते.

कॅमेऱ्याची सक्ती नाही. एका खोलीत चार माणसे राहतात, मागे स्वयंपाकघर दिसते, आजी झोपलेली असते. या गोष्टी मला ठाऊक आहेत आणि त्यांत डोकावण्याचा मला अधिकार नाही. मात्र वर्गात मी नाव घेऊन प्रश्न विचारला, तर आवाजाने किंवा चॅटमध्ये लिहून उत्तर द्यावे लागेल. उत्तर चुकले तरी हजेरी लागते. उत्तरच आले नाही, तर लागत नाही. कदंबच्या बसमध्ये उभ्याने वर्ग ऐकणाऱ्यांची अडचण मी समजू शकते, पण तो वर्ग ऐकल्यासारखा न मानता रात्री रेकॉर्डिंग पाहावे, हे बरे.

ऐन वेळी वीज किंवा नेटवर्क गेले तर?

आपले सत्र जुलैत सुरू होते, म्हणजे त्याचा पहिला अर्धा भाग पावसात जातो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोण या तालुक्यांतील कित्येक वाड्यांवर एक फांदी तारेवर पडली की संध्याकाळ अंधारात जाते. २०२० च्या टाळेबंदीत सांगे तालुक्यातील काही मुले नेटवर्कसाठी डोंगर चढून वर्ग ऐकत होती. तसे पुन्हा कोणाला करावे लागू नये, या हेतूनेच पुढील व्यवस्था ठेवली आहे.

प्रत्येक पाठाची चित्रफीत कमी आकाराच्या प्रतीतही दिली जाते आणि फळ्यावरील लेखनाची पीडीएफ स्वतंत्रपणे दिली जाते. दोन्ही गोष्टी आठवड्याच्या सुरुवातीला, नेटवर्क चांगले असेल तेव्हा, उतरवून ठेवाव्यात. गृहपाठाची मुदत रविवारी रात्री अकराची असते. त्या वेळी नेटवर्क नसेल, तर मुदतीपूर्वी पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि जमल्यास साधा एसएमएस करावा. इंटरनेट नसतानाही तो बहुधा जातो. नेटवर्क आल्यावर तेच फोटो पाठवावेत. फोटो काढल्याची वेळ फोनमध्ये नोंदलेली असते, ती मुदतीपूर्वीची असेल तर गृहपाठ वेळेवर आला असे मानले जाते. पुरावा म्हणून वीज खात्याचे पत्र, पंचायतीचा दाखला किंवा अंधाऱ्या खोलीचा फोटो पाठवण्याची आवश्यकता नाही. (अंधाऱ्या खोलीचे फोटो खरोखर आलेले आहेत. पूर्ण काळ्या चौकोनावर मी काय शेरा लिहावा, हे मला आजवर सुचलेले नाही.)

थेट वर्ग चालू असताना माझीच वीज गेली, तर पंधरा मिनिटे थांबावे. तोवर मी परतले नाही, तर वर्ग रद्द समजावा. त्या दिवशीच्या पाठाचे रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी मिळेल.

गृहपाठ हातानेच का लिहायचा? टाइप केलेले उत्तर अधिक नीटनेटके दिसते.

नीटनेटके दिसते, हे खरे आहे. तथापि गृहपाठ मागण्यामागचा हेतू उत्तर मिळवण्याचा नाही. उत्तर माझ्याकडे आहे. मला तुमची खाडाखोड पाहायची असते. वर्गात मी विद्यार्थ्याच्या बाकापाशी उभी राहिले की त्याचे पेन कुठे थबकते हे मला दिसते. ऑनलाइन वर्गात ती जागा फक्त तुमच्या हस्तलिखित पानाने भरून निघते. चुकलेली ओळ खोडरबराने पुसू नये किंवा पांढऱ्या शाईने झाकू नये; तिच्यावर एक आडवी रेघ मारून खाली पुढे लिहावे. ती रेघ मारलेली ओळ वाचून मला जेवढे कळते, तेवढे शेवटच्या बरोबर उत्तरावरून कळत नाही.

एक उदाहरण देते. साइन क्ष भागिले क्ष या फलाची (फंक्शनची), क्ष शून्याकडे जात असतानाची सीमा काढण्यापूर्वी आपण कॅल्क्युलेटरवर तक्ता करतो. क्ष = ०.१ असताना उत्तर ०.९९८३३ यायला हवे, आणि क्ष लहान होत जाईल तसे ते १ कडे सरकायला हवे. दरवर्षी काही वह्यांत त्या जागी ०.०१७४५ हा आकडा येतो, आणि क्ष कितीही लहान घेतला तरी तो तसाच राहतो. हा आकडा पाहताक्षणी मला समजते की विद्यार्थ्याला सीमा समजलेली आहे, त्याचा कॅल्क्युलेटर मात्र रेडियनऐवजी अंशांवर लावलेला आहे, ०.०१७४५ म्हणजे पाय (π) भागिले १८०. अशा विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण देत नाही, पण त्याच्यासाठी एका ओळीचा शेरा पुरतो. त्याने तक्ता खोडून कोणाच्या तरी वहीतून ‘१’ एवढेच उतरवले असते, तर अंतिम परीक्षेपर्यंत तो कॅल्क्युलेटर अंशांवरच राहिला असता.

पाने पाठवताना प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक, गृहपाठाचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक लिहावा, सर्व पाने एकाच पीडीएफमध्ये आणि सरळ दिशेने असावीत, आणि फोटो दिवसाउजेडी काढावा. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हाताची सावली नेमकी उत्तरावर पडते.

पायऱ्यांना गुण कसे दिले जातात?

समजा, (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) या फलाची, क्ष हा ३ कडे जात असतानाची सीमा चार गुणांसाठी विचारली आहे. थेट ३ ठेवल्यास शून्य भागिले शून्य येते व त्यावरून काही ठरत नाही, हे लिहिण्याला एक गुण. अंशाचे अवयव (क्ष − ३) आणि (क्ष + ३) असे पाडण्याला एक गुण. क्ष हा ३ कडे जातो परंतु ३ होत नाही, म्हणून (क्ष − ३) ने भागता येते, हे कारण लिहून अवयव छेदण्याला एक गुण. शेवटी ६ या किमतीला एक गुण.

ज्याने फक्त ‘६’ लिहिले, त्याला एक गुण मिळतो. ज्याने सर्व पायऱ्या कारणांसह लिहून शेवटी घाईत ३ अधिक ३ बरोबर ५ केले, त्याचा बेरजेच्या चुकीसाठी अर्धाच गुण जातो, म्हणजे त्याला साडेतीन मिळतात. हे अन्यायकारक आहे, उत्तर तर माझेच बरोबर होते, असा ई-मेल दर सत्रात येतो, आणि दर सत्रात माझे उत्तर तेच असते. तिसऱ्या पायरीचे कारण न लिहिता दोन्हीकडचे (क्ष − ३) काटणारे सर्वांत जास्त असतात. त्यांचा एक गुण जातो. तेवढ्याशा वाक्यासाठी गुण का कापता, असे विचारले जाते. शून्याने भागण्याची मुभा कधी नसते आणि इथे ती अडचण का येत नाही, हे त्या एका वाक्यात आहे. सीमा ही कल्पनाच त्या वाक्यात आहे.

एकूण गुणांची विभागणी कशी आहे?

गृहपाठ १५, दोन चाचण्या प्रत्येकी १०, टिपण ५ आणि अंतिम परीक्षा ६०, असे एकूण १००. गृहपाठ बारा असतात, त्यांतील सर्वोत्तम दहा धरले जातात.

मुदत चुकल्यास काय होते? सणांच्या दिवसांत सवलत मिळते का?

दोन गृहपाठ वगळले जातात ते याचसाठी. ताप आला, घरात लग्न निघाले, पाहुणे आले, मुदत विसरली, या सर्वांसाठी ते दोन आहेत आणि त्यांसाठी कारण सांगण्याची गरज नाही. त्यापलीकडे उशिरा आलेला गृहपाठ ४८ तासांपर्यंत निम्म्या गुणांवर स्वीकारला जातो. नंतर नमुना उत्तरे सर्वांना दिली जातात, म्हणून स्वीकारला जात नाही. दीर्घ आजारपण किंवा घरातील मृत्यू असेल, तर वेगळा विचार होतो, आणि अशा वेळी प्रथम कळवावे, कागदपत्रे सवडीने द्यावीत.

चवथीच्या आठवड्यात गृहपाठ नसतो. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती आहे आणि ज्यांच्याकडे अकरा दिवसांचा आहे, त्यांच्यात कोणताही फरक केला जात नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभारायला अर्धा वर्ग जागा असतो, तेव्हा त्या दिवशीची मुदत दोन दिवसांनी पुढे जाते. आपल्या गावचे फेस्त, जत्रा, ईद किंवा घरातील अन्य धार्मिक कार्य यांसाठी मुदत हवी असल्यास आठवडाभर आधी कळवावे. ती दिली जाते. मुदत उलटून गेल्यावर जत्रेची आठवण होणे ही वेगळी गोष्ट आहे.

मी नोकरी करतो. संध्याकाळच्या वर्गाला येणे शक्य नसेल तर?

हा अभ्यासक्रम ऑनलाइन ठेवण्याचे एक कारण तुमच्यासारखे विद्यार्थी हेच आहे. वेर्ण्याच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, किनाऱ्यावरील हॉटेलांत संध्याकाळी ड्युटी असणारे आणि घरचे दुकान सांभाळणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. पहिल्या दोन आठवड्यांत ड्युटीचे वेळापत्रक पाठवल्यास हजेरी पूर्णपणे रेकॉर्डिंगवर धरली जाते. चाचण्या मात्र सर्वांच्या एकाच वेळी, रविवारी सकाळी होतात. बोटीवर नोकरीला जाणाऱ्यांनी, म्हणजे तारवट्यांनी, हा अभ्यासक्रम बोटीवर असताना घेऊ नये असा माझा सल्ला आहे. परीक्षेसाठी प्रत्यक्ष यावे लागते आणि करार सत्रांच्या तारखा पाहून संपत नाहीत.

मित्रांबरोबर गृहपाठ सोडवला तर चालेल का?

चालेल, आणि मी तसे करावे असेच सांगते. चर्चा एकत्र करावी, लिहायला मात्र वेगवेगळे बसावे, आणि ज्यांच्याबरोबर चर्चा केली त्यांची नावे शेवटी लिहावीत. नावे लिहिल्याने कोणाचाही गुण कमी होत नाही. तीन वह्यांत तेच ०.०१७४५ त्याच ओळीवर, त्याच खाडाखोडीसह आले आणि नावे लिहिलेली नसतील, तर मात्र तिघांनाही त्या उदाहरणाला शून्य मिळते; मूळ वही कोणाची होती, हे मी शोधत बसत नाही.

चॅटजीपीटी किंवा फोटोमॅथसारखी साधने वापरता येतील का?

गृहपाठात काही मर्यादेत वापरता येतील; चाचणीत आणि परीक्षेत वापरता येणार नाहीत. उदाहरणाशी स्वतः किमान वीस मिनिटे झटल्यानंतर अडलेली पायरी समजून घेण्यासाठी असे साधन वापरले, तर त्याला माझी हरकत नाही. त्या उदाहरणाखाली कोणते साधन वापरले, काय विचारले आणि त्यातून काय समजले, हे दोन ओळींत लिहावे. ही साधने आत्मविश्वासाने चुकीचे उत्तरही देतात, आणि ती चूक पकडून दाखवणाऱ्याला मी एक अधिक गुण देते.

उत्तर उतरवून काढल्याची शंका आल्यास दहा मिनिटांचे तोंडी बोलणे होते. वर दिलेले सीमेचे उदाहरण दुसऱ्या आठवड्यातील आहे. तेव्हा डेरिव्हेटिव्ह शिकवलेलेच नसते, तरी काही वह्यांत ते लॉपितालच्या नियमाने, म्हणजे अंश आणि छेद यांचे डेरिव्हेटिव्ह घेऊन, सोडवलेले येते. एवढ्यावरून कोणी लबाडी केली असे मी धरत नाही, कारण प्रवेश परीक्षांच्या क्लासमध्ये तो नियम बारावीतच शिकवतात आणि बोलावल्यावर अनेक विद्यार्थी तो व्यवस्थित समजावून सांगतात. ज्याला स्वतःच्याच वहीतील ओळ समजावता येत नाही, त्याचा तो पूर्ण गृहपाठ रद्द होतो; दुसऱ्यांदा असे घडल्यास प्रकरण विभागप्रमुखांकडे जाते. सॉफ्टवेअरने दिलेला ‘इतके टक्के यंत्राने लिहिलेले’ असा अहवाल मी पुरावा म्हणून मानत नाही.

कॅल्क्युलेटर कुठे चालतो?

गृहपाठात आणि चाचण्यांत साधा सायंटिफिक चालतो. आलेख काढणारा चालत नाही. अंतिम परीक्षेत लागत नाही. वापरण्यापूर्वी साइन ३० काढून पाहावे : ०.५ आले तर तो अंशांवर आहे, −०.९८८ आले तर रेडियनवर. या अभ्यासक्रमात दुसरे उत्तर यायला हवे.

चाचण्या आणि अंतिम परीक्षा कशा होतात?

दोन्ही चाचण्या घरून होतात. प्रत्येक चाचणी पन्नास मिनिटांची असून पाने स्कॅन करून पाठवण्यासाठी वीस मिनिटे जादा दिली जातात. वही आणि पुस्तक उघडे ठेवण्यास परवानगी आहे, म्हणून प्रश्नही पाठांतर तपासणारे नसतात. डोळ्यांच्या हालचालींवर पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर मी वापरत नाही. ते कमी उजेडात आणि जुन्या फोनवर प्रामाणिक विद्यार्थ्यालाच अधिक छळते, असे माझे मत आहे.

अंतिम परीक्षा दोन तासांची असून ती महाविद्यालयात प्रत्यक्ष, पेन व कागदावर होते. येताना महाविद्यालयाचे ओळखपत्र आणावे. ऑनलाइन अभ्यासक्रमाची परीक्षा प्रत्यक्ष का, असे विचारले जाते. साठ गुणांची परीक्षा घरून घेतली, तर प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या गुणांवरही पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याचे कारण आहे. चाचणी चुकल्यास, कारण योग्य असेल तर, सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एकच पुरवणी चाचणी होते. तिचा अभ्यासक्रम तोवर शिकवलेला सर्व असतो.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कोणत्या सोयी आहेत?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळणे हा तुमचा हक्क आहे, ती माझी मेहेरबानी नव्हे. पात्र विद्यार्थ्याला दर तासाला किमान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे आपली दोन तासांची परीक्षा त्याच्यासाठी किमान दोन तास चाळीस मिनिटांची असते. गणितात लेखनिक घेताना एक अडचण येते ती आधीच सांगते : ‘क्ष अधिक एक भागिले दोन’ असे ऐकून लेखनिक काय लिहील, हे तो कंस कुठे मानतो यावर ठरते. म्हणून परीक्षेपूर्वी लेखनिकाबरोबर सरावाचे एक सत्र ठेवले जाते. दृष्टिदोष असलेल्यांसाठी पीडीएफ मोठ्या अक्षरांत दिल्या जातात, आणि वर्गात मी फळ्यावर लिहिलेले प्रत्येक चिन्ह तोंडाने उच्चारते. मी विसरले तर आठवण करून द्यावी.

शंका कुठे आणि कशा विचाराव्यात? कोणत्या भाषेत?

अभ्यासक्रमाच्या शंका-विभागात विचाराव्यात, म्हणजे उत्तर सर्वांना वाचता येते. गुण, आजारपण किंवा घरगुती अडचण असेल, तर ई-मेल करावा. कामाच्या दिवशी २४ तासांत उत्तर मिळते. रविवारी मिळत नाही. व्हॉट्सॲपवर शंका स्वीकारल्या जात नाहीत, कारण तिथे तुमचा प्रश्न लग्नपत्रिका आणि सुप्रभातच्या फुलांखाली गाडला जातो.

‘मॅडम, पाचवे कळले नाही’ ही शंका नव्हे. पाचव्या उदाहरणात तुम्ही कुठवर आलात, त्या पानाचा फोटो पाठवावा. शंका मराठीत, कोंकणीत किंवा इंग्रजीत विचारावी. गृहपाठातील कारणेही या तिन्ही भाषांत लिहिलेली चालतात. अंतिम प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, म्हणून वर्गात मी डेरिव्हेटिव्ह आणि विकलज, इंटिग्रल आणि संकल, लिमिट आणि सीमा असे दोन्ही शब्द वापरते. प्राथमिक शाळा मराठीतून आणि पुढचे सर्व इंग्रजीतून, अशा वाटेने आलेल्या मुलांना ‘सीमा’ हा शब्द ऐकून कल्पना चटकन उमगते, असा माझा अनुभव आहे.

पाच गुणांचे टिपण म्हणजे काय?

हाताने लिहिलेली दोन पाने, ज्यांत कॅल्क्युलसचा एक खरा उपयोग तुम्ही स्वतः गणित करून दाखवायचा असतो. विषय तुमचा, दोन विषय मी सुचवते.

पहिला खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा. मानशीची, म्हणजे बांधातील पाण्याच्या झडपेची, दारे भरती-ओहोटीबरोबर उघडतात आणि मिटतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, तेव्हा पाण्याची पातळी साइनच्या आलेखाने मांडता येते. पाणी सर्वांत वेगाने कधी चढते, हे डेरिव्हेटिव्हवरून काढावे आणि मग शक्य असल्यास मानशीवर जाऊन पाहावे.

दुसरा दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा. १९०७ साली गोव्यात जन्मलेले कोसंबी इतिहासकार म्हणून सर्वांना ठाऊक असतात, पण ते व्यवसायाने गणिती होते. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्यासाठी त्यांनी १९४४ साली मांडलेले सूत्र जनुकशास्त्रात आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. त्या सूत्राच्या मुळाशी एक छोटे समीकरण आहे : अंतराच्या संदर्भात पुनर्संयोगाच्या (जनुकांच्या अदलाबदलीच्या) प्रमाणाचे, म्हणजे र चे, विकलज हे १ − ४र² इतके असते. १ भागिले (१ − ४र²) याचे आंशिक अपूर्णांक करून इंटिग्रेशन केले की सूत्र हाती येते, आणि ही रीत आपण अकराव्या आठवड्यात शिकतो. विद्यार्थी हा विषय घाबरून टाळतात. प्रत्यक्षात तो दीड पानात संपतो.

मिळालेले गुण चुकीचे वाटल्यास काय करावे?

सात दिवसांच्या आत, कोणत्या उदाहरणातील कोणत्या पायरीला गुण मिळायला हवा होता, हे लिहून पाठवावे. बेरजेतील चूक लगेच दुरुस्त होते. ‘एकूण गुण कमी वाटतात’ अशा अर्जाचा विचार होत नाही. फेरतपासणीत गुण कमी केले जात नाहीत.

पालकांना प्रगती कळवली जाते का?

विद्यार्थी सज्ञान असतो, त्यामुळे त्याच्या संमतीशिवाय कळवली जात नाही. पालकांनी मुलाला वही दाखवायला सांगावे. खाडाखोडीने भरलेली वही दिसली तर रागावू नये. कोरी आणि स्वच्छ वही दिसली, तर चौकशी करावी.

वर्गाचे रेकॉर्डिंग इतरांना पाठवता येते का?

येत नाही. त्यात तुमच्या सहाध्यायांचे आवाज आणि त्यांचे चुकलेले प्रश्न असतात. फळ्याच्या पीडीएफ मात्र कोणालाही द्याव्यात.

अभ्यासक्रम मध्येच सोडायचा असेल तर?

चौथ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत अर्ज करून सोडता येतो. त्याआधी माझ्याशी एकदा बोलावे. सोडायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कॅल्क्युलस नव्हे, तर अपूर्णांक अडवत असतात, आणि ते दोन रविवारांत सुधारण्यासारखे असते.

पहिल्या वर्गापूर्वी काय करून ठेवावे?

वहीच्या पहिल्या पानावर कोणतेही एक उदाहरण सोडवून, त्याचा दिवसाउजेडी फोटो काढून, पीडीएफ करून पाठवावी. उत्तर बरोबर आहे की नाही, हे मी पाहणार नाही. पान सरळ आहे का, कोपऱ्यात हजेरी क्रमांक आहे का आणि अक्षर वाचता येते का, एवढे कळवीन, म्हणजे पहिल्या गृहपाठाच्या रविवारी रात्री पावणेअकराला ते शिकण्याची वेळ येणार नाही.